मजुरी की पेढी? सांगलीत बसून फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी ठरवायचं कसं

तासगावकडे द्राक्ष तयार झालं की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. माल बागेतूनच व्यापाऱ्याला द्यायचा, नाहीतर शेडवर टाकून बेदाणा करायचा. ताजं द्राक्ष थांबत नाही. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून दर तो ठरवतो. बेदाण्याचं तसं नाही. चार किलो द्राक्षाचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, डिपिंगचा (द्राक्ष वाळवण्याआधी द्रावणात बुडवण्याचा) आणि मजुरीचा खर्च येतो, वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर झोप उडते. पण माल एकदा कोल्ड स्टोरेजला लागला की शेतकरी दराची वाट बघू शकतो, त्या मालाच्या तारणावर कर्जही उचलू शकतो.

मी अकरा वर्षं याच बेदाण्याची आणि हळदीची लेबलं, पाकिटं, पेट्या डिझाइन करतोय. त्यातली पहिली पाच वर्षं मी ताजं द्राक्ष विकत होतो. समोरचा म्हणेल तो दर, कारण या महिन्याचं भाडं याच महिन्यात द्यायचं होतं. त्यानंतर जे बदललं त्याला लोक मालकाची मानसिकता म्हणतात. माझ्या अनुभवात तिचा अर्थ एवढाच: थांबण्याची ताकद कमवायची आणि तिच्या जोरावर दर आपण ठरवायचा. तीन-चार वर्षं फ्रीलान्सिंग करून 'असंच चालू द्यावं की धंदा म्हणून उभं करावं' या विचारात असलेल्यांसाठी मी दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवतोय.

मजुरी म्हणजे आलेलं काम घ्यायचं, सांगितलेल्या पैशात करून द्यायचं आणि महिनाअखेर हातात उरेल ती कमाई मानायची. पेढी म्हणजे तुमचं काम ही तुमच्याहून वेगळी गोष्ट मानायची. तिचं खातं वेगळं, नियम वेगळे, शिल्लक वेगळी. तुम्ही तिचे मालक आणि तिच्याकडे पगारावर असलेला माणूसही तुम्हीच. यात ऑफिस, बोर्ड किंवा नोकरमाणसं कुठेच येत नाहीत. विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या एका खोलीतून पेढी चालवता येते, आणि हाताखाली तीन मुलं ठेवूनही मजुरीच करत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

दर

खरा फरक इथे दिसतो. महिन्याला 35,000 रुपये घरखर्च असलेल्या एकाच माणसाचे दोन हिशेब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

| | मजुरी | पेढी |
|---|---|---|
| घरखर्च | 35,000 | 35,000 |
| लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, नेट, वीज | धरत नाही | 8,000 |
| आरोग्य विमा, म्हातारपणाची बचत | धरत नाही | 7,000 |
| गंगाजळी (अडीअडचणीची शिल्लक) | धरत नाही | 10,000 |
| बिल लागणारे दिवस | 25 | 14 |
| एका दिवसाचा दर | 1,400 | सुमारे 4,300 |

आयकर यात धरलेला नाही. सगळ्यात जास्त विरोध होतो तो 14 दिवसांना. 'मी तर महिनाभर राबतो,' असं प्रत्येक जण म्हणतो. राबतोच. पण कोटेशन काढणं, मार्केट यार्डात जाऊन नमुने दाखवणं, प्रेसवर उभं राहून रंग तपासणं, वसुलीचे फोन आणि नवीन काही शिकणं याचं बिल कुणी देत नाही. एक महिना वहीत रोजचे तास लिहून बघा. माझे 13 दिवस निघाले होते.

आता कुणीही म्हणेल, सांगलीत दिवसाला 4,300 कोण देतो? दिवसाच्या दराने मागितले तर बहुतेक कुणी देणार नाही. म्हणूनच पेढी दिवस विकत नाही. तो आकडा आपल्यासाठी असतो. ग्राहकाला कामाचा दर सांगायचा. बेदाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता हे सगळं बिनचूक लागतं. एक अंक चुकला आणि पन्नास हजार पाकिटं छापून आली तर तो माल रद्दीत जातो, आणि ऐन हंगामात पॅकिंग थांबतं. हे नुकसान टाळून देणारा माणूस म्हणून मी उभा राहिलो, तेव्हापासून 'लेबलचे किती घेता?' हा प्रश्न कमी झाला आणि 'छपाईपर्यंत तुम्हीच बघाल ना?' हा सुरू झाला. काम जवळपास तेच होतं. जबाबदारी वाढली, तिचे पैसे वाढले.

ज्यांना हा हिशेब कधीच पेलणार नाही असे ग्राहकही असतात, आणि ती वाईट माणसं नसतात. घरगुती मसाले विकणाऱ्या एखाद्या ताईंना तीन हजारांत लेबल हवं असतं. मजुरीत ते काम आपण घेतो आणि मनातून कुढतो. पेढीत एक तर शिकाऊ मुलाकडे पाठवतो, नाहीतर ठरवून, आनंदाने, वर्षात दोन अशी कामं करतो.

उधारी

इथे मी पोळलोय. एका निर्यातदाराचं काम मी फोनवरच्या बोलण्यावर केलं. 84,000 रुपये होते. 'दादा, कंटेनर गेला की देतो,' असं ऐकत अकरा महिने गेले. पैसे मिळाले, पण त्या अकरा महिन्यांत मी बहिणीकडून उसने घेऊन घर चालवलं. व्यापारात उधारी चालतेच आणि हळदीचा सगळा बाजार भरवशावर उभा आहे हे मलाही माहीत आहे. फक्त व्यापाऱ्याची उधारी वहीत लिहिलेली असते. माझी नव्हती.

मजुरीत उशिरा मिळालेला पैसा हे नशीब असतं. पेढीत त्याला कायद्याचा आधार घेता येतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. नोंदणीनंतर दिलेल्या कामासाठी 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा लागू होतो. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायला लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून थकलेलं बिल ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मी कुणाला नोटीस पाठवलेली नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदत छापतो, पुढचं काम ग्राहकाचा सीए करतो.

त्याच्याही आधीचा उपाय म्हणजे निम्मे पैसे आगाऊ. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळते, विशेषतः समोर वडिलांच्या वयाचे काका असले तर. तरीही मागा. 'काका, कागद-प्रेसचं मला आधी द्यायला लागतं,' एवढं खरं कारण पुरतं.

कागदपत्रं

यात दोन्ही वाटांना फार फरक नाही, म्हणून थोडक्यात. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, ग्राहक परराज्यातला असला तरी. 'धंदा करायचा तर आधी जीएसटी काढ' या सल्ल्यावर घाई करू नका. छोट्या ग्राहकाला वरचे 18 टक्के जड जातात. कंपनी तुमच्या फीमधून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापत असेल तर विवरणपत्र भरा, नाहीतर आपलेच पैसे सरकारजमा राहतात. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये आहे. बाकी सीएला विचारा, आणि त्याची फी खर्चात धरा.

वाईट महिना

ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावभाग, हरभट रोड पाण्याखाली गेले. माझा कॉम्प्युटर माळ्यावर चढवल्यामुळे वाचला. वीज नव्हती, नेट नव्हतं, ज्या गोदामांसाठी मी लेबलं करत होतो त्यांतच पाणी होतं. जवळपास दीड महिना एक रुपया आला नाही. तेव्हा माझ्याकडे चार महिन्यांची गंगाजळी होती. पाणी ओसरल्यावर दोन ग्राहकांना मी बिनपैशाने लेबलं पुन्हा काढून दिली. ते दोघं आजही माझ्याकडे आहेत. गंगाजळी नसती तर मी त्याच आठवड्यात त्यांना जुन्या बिलासाठी फोन करत बसलो असतो.

गंगाजळीचा उपयोग संकटात होतो हे सगळेच सांगतात. रोजचा उपयोग मला जास्त मोठा वाटतो. खात्यात सहा महिन्यांचा खर्च असला की रात्री दहाला फोन करून सकाळी डिझाइन मागणाऱ्याला 'परवा देतो' असं शांतपणे म्हणता येतं.

मजुरी कुणासाठी बरी

हेही मनापासून सांगायचंय, कारण पेढी सगळ्यांनी करावी असं मला वाटत नाही. पहिली दोन वर्षं मजुरीच करा. हात बसायला भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचं काम लागतं, आणि त्या काळात दराचा ताठा परवडत नाही. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर पुण्याच्या एजन्सीचं महिन्याच्या ठरीव पैशाचं काम सोन्यासारखं असतं. दर, वसुली, नकार या गोष्टींनी ज्यांचं पोट दुखतं आणि चित्र काढताना ज्यांना भान राहत नाही, त्यांनी चांगला पेढीवाला शोधून त्याच्यासाठी काम करावं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त सगळी कमाई एकाच ग्राहकावर उभी ठेवू नका.

नोकरी असेल तर ती एकदम सोडूही नका. आपल्या जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षकाची नोकरी करत होते, तेव्हाच बेळगावात भावांचं सायकलचं दुकान चालू होतं. हक्काची बढती नाकारली गेली तेव्हा त्यांना जायला जागा होती.

घर

पेढीची सगळ्यात अवघड परवानगी घरून घ्यावी लागते. 'घरीच तर असतोस, मामांना स्टँडवर सोडून ये,' हे आई प्रेमाने म्हणते. माझ्याकडे उपाय निघाला तो पगाराचा. धंद्याचं खातं वेगळं केलं आणि दर महिन्याच्या 5 तारखेला त्यातून घरखात्यावर ठरलेली रक्कम टाकायला लागलो. काम जास्त आलं तरी तीच, कमी आलं तरी तीच. चार-पाच महिन्यांत आईच पाहुण्यांना सांगायला लागली, त्याचं काम चालू आहे, सहानंतर भेटेल.

मिरजेची एक मुलगी मला गेल्या महिन्यात हेच विचारायला आली होती. भाषांतराचं काम करते, तीन वर्षं झाली, एका पुण्याच्या कंपनीवर जवळजवळ सगळी कमाई. मी तिला कंपनी सोडायला सांगितलं नाही. वेगळं खातं उघड, उद्यम नोंदणी कर, प्रत्येक बिलातला सहावा हिस्सा बाजूला टाक आणि वर्षभरात दोन नवे ग्राहक पेढीच्या दराने मिळव, एवढं सांगितलं. दोन मिळाले तर पेढी. नाही मिळाले तर कंपनीचं काम आहेच, आणि बाजूला पडलेले पैसेही तिचेच. तिने खातं उघडलंय. परवा तिचा मेसेज आला, आगाऊ पैसे मागताना नेमकं काय म्हणायचं ते लिहून पाठवा म्हणून.