समांतर शाखांचा इम्पिडन्स: गुणाकार-भागाकार करावा की ॲडमिटन्स धरावा?

उद्यमनगरात एका रिवायंडिंगच्या दुकानात मिस्त्रींनी मेनच्या वायरला टाँगटेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला, आकडा दाखवला आणि मग मोटारीला समांतर कपॅसिटर जोडला. ॲम्पिअर खाली आले. शेजारी डिप्लोमाचा पोरगा उभा होता, तो चक्रावला. "एक शाखा वाढवली की करंट वाढायला पायजे न्हवं?"

रोधांपुरतं ते खरं आहे. एसीत इम्पिडन्सला, म्हणजे करंटला होणाऱ्या एकूण अडथळ्याला, दिशा असते, आणि तिथंच पद्धत निवडायचा प्रश्न येतो. (सिरीजमध्ये नुसती बेरीज, तिथं निवडायला काही नाही.)

एक शाखा ३ + जे४ ओहम, दुसरी ८ − जे६. (जे म्हणजे रोधाशी काटकोनातला भाग: अधिक असेल तर कॉइलचा, म्हणजे इंडक्टिव्ह; उणे असेल तर कपॅसिटरचा.) परिमाणं ५ आणि १०. गुणाकार ५० भागिले बेरीज १५ करून ३.३३ लिहिणारे प्रत्येक बॅचला भेटतात. उत्तर साफ चूक.

गुणाकार-भागाकाराची पद्धत सगळ्यांना पाठ असते. वर दोन्ही शाखांचा गुणाकार ४८ + जे१४, खाली बेरीज ११ − जे२, भागून ४ + जे२, म्हणजे ४.४७ ओहम. गुणायला पोलर (परिमाण आणि कोन) सोपं, बेरजेला रेक्टँग्युलरच (३ + जे४ असं) लागतं. या ये-जा मध्ये एखादं उणे चिन्ह हमखास हरवतं. दोनच शाखा असतील तर चालून जातं.

ॲडमिटन्स म्हणजे १ भागिले इम्पिडन्स. त्यात आधी प्रत्येक शाखा उलटी करायची: ०.१२ − जे०.१६ आणि ०.०८ + जे०.०६. बेरीज ०.२० − जे०.१०. ती उलटी केली की तेच ४ + जे२. आता तिसरी शाखा १० ओहम रोधाची आली तर फक्त ०.१ मिळवा, उत्तर ३ + जे१. पहिल्या पद्धतीत पुन्हा एक गुणाकार, पुन्हा एक भागाकार.

फेजर आकृती (व्होल्टेज-करंट बाणांनी दाखवणारी) करंट व्होल्टेजच्या मागं (लॅग) की पुढं (लीड) हे बघायला काढा. फूटपट्टीनं नेमकं उत्तर काढत बसू नका.

मिस्त्रींचा कपॅसिटरही ॲडमिटन्समध्येच उलगडतो. वरच्या दोन शाखा २३० व्होल्टवर ५१.४ ॲम्पिअर ओढतात. १० ओहमचा, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३१८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावला की + जे०.१० मिळतं आणि − जे०.१० कटतं. उरले ०.२०, म्हणजे ५ ओहम. करंट ४६.

म्हणून माझं मत सरळ ॲडमिटन्सला. फक्त एक सांभाळ भावा: इंडक्टिव्ह शाखा उलटी केली की जे उणे होतो, कपॅसिटिव्ह केली की अधिक. पेपरात मार्क तिथंच जातात.