कॉलेज रोडचा वेस्टर्न व्होकल क्लास : पाचपैकी साडेतीन

मुलगा एकोणीस वर्षांचा, आवाज चढा, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेला आणि मधेच ऑपेराचं, म्हणजे गाण्यातून चालणाऱ्या पाश्चात्त्य नाटकाचं, खूळ डोक्यात शिरलं, त्याला टेनरच (पुरुषांचा चढा आवाज) व्हायचंय. नाशकात कोण शिकवणार म्हणून आधी हसलो, पण क्लास मिळाला. नाव टाकत नाही, कारण खाली थोडी कुरकुरही आहे.

सगळ्यात आवडलं म्हणजे सर हाय सीच्या, म्हणजे टेनरच्या त्या गाजलेल्या उंच स्वराच्या, मागे लागत नाहीत. पेटीच्या पांढरी एकचा सा धरला तर हा हाय सी म्हणजे तार सा पण ओलांडून त्याच्याही वरचा सा, तोही भरदार आवाजात आणि माईकशिवाय, ऑर्केस्ट्राच्या डोक्यावरून! आवाजात साधारण तीन हजार हर्ट्झला झळाळी आली की तो वाद्यांतून वर निघतो म्हणे, नुसतं ओरडून भागत नाही. म्हणून आमच्याकडे सध्या काय, तर ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत खालून वर स्वर लावायचे, फासळ्या फुगवलेल्या ठेवून हळूहळू 'स्स्स' सोडायचं, आणि मधल्या सी च्या (वर म्हटलेला तार सा) वर ई-एफ-जी (ग-म-प) जवळ आवाजाचा सांधा बदलतो, म्हणजे खालचा आवाज सोडून वरचा धरावा लागतो, तिथे 'ऊ' धरून अलगद पलीकडे जायचं. घरी आजीला वाटतं पोराला दम्याचा व्यायाम दिलाय. पण सांध्यावर आधी आवाज फाटायचा तो आता बराच कमी फाटतो, हे मी स्वतः ऐकतोय.

घाई असलेल्या पालकांनी एवढंच बघावं, जगप्रसिद्ध टेनर पावरॉटी १९५४ मध्ये एकोणीसाव्या वर्षी नीट शिकायला लागला आणि ऑपेरात पदार्पण १९६१ ला. दुसरा मोठा टेनर डोमिंगो, त्याने तर सुरुवात बॅरिटोन (टेनरपेक्षा खालचा आवाज) म्हणून केली.

आता कुरकुर. खरा पियानो नाही, कीबोर्ड आहे, आणि साथीला माणूस नाही, आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गायचं. ट्रॅक काही गाणाऱ्याच्या श्वासासाठी थांबत नाही ना, मग शिकणार काय? इटालियन उच्चार बरे घेतात पण जर्मन-फ्रेंच जवळपास नाहीच, आणि त्याशिवाय पुढे गाडी चालत नाही. चुकलेला क्लास भरून देत नाहीत, फी मात्र अ‍ॅडव्हान्स.

करिअरचं सरांनी सरळ सांगितलं, ते बरं वाटलं. ग्रेड परीक्षा इथून देता येतील, पण पगारी गायक ठेवणारी ऑपेरा हाऊसं जर्मनीत, आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे २००६ पासून, पण गायकांना महिन्याचा पगार देणारं ऑपेरा हाऊस नाही. त्यामुळे आधी कॉन्सर्टची गाणी पक्की करा म्हणाले. हँडल या संगीतकाराच्या 'मसाया'त, म्हणजे नाटकाशिवाय नुसतं गायच्या मोठ्या रचनेत, ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) संपलं की पहिला आवाज टेनरचाच लागतो, सध्या पोरगं तेच घोटतंय, शेजारी अजून बोलतायत आमच्याशी.

ट्रायल क्लास फुकट आहे. संध्याकाळी सहानंतर पार्किंगचं नाव काढू नका, रिक्षाने जा.