दोन फुटी प्लांटेड टँक: दगड लावायचे की लाकूड?

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं नंतर. पहिलाच प्लांटेड टँक (खरी झाडं लावलेली माशांची टाकी) असेल आणि सीओटूचा, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइडचा, सिलेंडर घ्यायचा नसेल तर लाकूड मेन ठेवा, दगड त्याच्या पायाशी. नुसत्या दगडांचा लेआउट पाहिजे असेल तर सिलेंडर, चांगल्या ताकदीचा लाईट आणि सारखी कात्री चालवायची तयारी, हे तिन्ही लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तर महिन्याभरात दगडांवर शेवाळाचा गालिचा येतो, झाडांचा नाही.

म्हणजे प्रश्न दिसायला 'दगड की लाकूड' असला तरी खरा प्रश्न झाडांचा आहे. दगडांची जी मांडणी आपण रील्समध्ये बघून खुळावतो ती इवागुमी, जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी मत्स्यटाकीत रुजवलेली. विषम संख्येत दगड घ्यायचे, त्यात एक मोठा, त्याला ओयाइशी म्हणतात, बाकीचे त्याच्या आधाराने, आणि खाली सगळीकडे बुटकं गवत, मोंटे कार्लो नाहीतर हेअरग्रास नाहीतर क्युबा. आता ही बुटकी झाडं टाकीच्या तळाला, लाईटपासून सगळ्यात लांब, आणि सुरवातीला असतात चिमूटभर. सॉइलमधनं, म्हणजे तळाला घालायच्या खताच्या मातीतनं, खत तर पहिल्या दिवसापासून सुटतं, ते खायला झाडं पुरी पडत नाहीत, मग शेवाळ खातं. साधा हिशोब आहे. लाकडाच्या टाकीत उलट, अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा, मॉस असली सावकाश वाढणारी झाडं लाकडावरच चिकटवता येतात, त्यांना लाईट कमी चालतो, सीओटू नसला तरी मरत नाहीत. दोऱ्यानं बांधा नाहीतर फेविक्विकचा थेंब लावा, फक्त अनुबियास आणि फर्नचं आडवं खोड मातीत गाडू नका, कुजतं.

आता दगड. कोल्हापुरात राहून दगड किलोवर विकत घ्यायचा म्हणजे जरा जिवावरच येतं, आणि खरंच गरज नाही. अंबाबाईचं देऊळ ज्या काळ्या दगडात उभं आहे तोच बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे, कुठल्याही खाणीवर नाहीतर क्रशरवर विचारून चार चांगले तुकडे मिळतात. बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. फक्त नीट बघून घ्या, आपल्याकडच्या बेसाल्टला भोकं असतात आणि त्या भोकांत पांढरे खडे भरलेले असतात, त्यातले काही कॅल्साइट असतात म्हणजे चुनाच. असला तुकडा बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त गडबड फरशीच्या तुकड्यांनी होते. घराचं काम निघालं की शहाबादी, कडाप्पा, तांदूर यांचे तुकडे पडलेले असतात, दिसायला मस्त थर असतात, उचलून टाकीत मांडायचा मोह होतो. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतात. गप्पी, मोलीला ते चालतं, उलट आवडतं. निऑन टेट्रा मासे किंवा क्रिस्टल श्रिंप (शोभेच्या छोट्या कोळंब्या) ठेवायचे असतील तर नको. किचन कट्ट्याचा ग्रॅनाइटचा तुकडा मात्र बिनधास्त वापरा. दुकानातला सेर्यू दगड, तो निळसर करडा, पांढऱ्या रेघांचा, दिसायला नाद खुळा, पण तोही चुना सोडणाराच. ड्रॅगन स्टोन आणि लाव्हा रॉक सोडत नाहीत. पन्हाळा नाहीतर राधानगरीकडचा जांभा चालतो का असं बरेच जण विचारतात. त्यात लोह असतं, चुना नसतो, पण भुगा पडतो आणि पाणी लाल गढूळ करतो, म्हणून मांडायला मला तो पसंत नाही.

टेस्ट घरीच करा. वाळलेल्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ न्या, बारीक चरचर ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले की चुना आहे. व्हिनेगर कमजोर असतं, सेर्यूसारख्या दगडावर कधीकधी काहीच दाखवत नाही, म्हणून दुसरी टेस्ट जास्त खात्रीची: बादलीत नळाचं पाणी आणि दगड, शेजारच्या बादलीत नुसतं पाणी, दोन्ही झाकून आठवडाभर ठेवा आणि आरओवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) दोन्हीत बुडवा. दगडाच्या बादलीचा आकडा चांगलाच वर गेला असेल तर समजून जा. आणि दगड धुवा, घासा, पण उकळू नका, आत पाणी अडकलेलं असलं तर तडकून उडतो.

वजनाचं पण बघा. दोन फूट बाय एक बाय एकच्या टाकीत साधारण ५५ लिटर पाणी, त्यात १० किलो बेसाल्ट टाकला तर साडेतीन लिटरच्या आसपास जागा तोच खातो. दगड काचेवर थेट ठेवायचा नाही, खाली पातळ फोम किंवा प्लास्टिकची जाळी, मग दगड, मग सॉइल. सॉइलवर दगड ठेवला आणि माशांनी खालून उकरलं तर तो कलंडणार, आणि काचेवर कलंडला तर विषयच संपला.

लाकडाचं दुखणं वेगळं. एक तर ते तरंगतं. मोपानी आणि मलेशियन ड्रिफ्टवुड बहुतेक वेळा लगेच बुडतं, स्पायडर वुड मात्र आठवडा दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, ड्रममध्ये दगडाखाली दाबून ठेवावं लागतं. घाई असेल तर ग्रॅनाइटच्या तुकड्याला भोक पाडून स्टीलच्या स्क्रूनं खालून आवळून टाका. दुसरं म्हणजे रंग. मोपानी तर लय दिवस कोऱ्या चहासारखा रंग सोडते, घरातले विचारणार पाणी बदललं नाहीस का. माशांना त्याचा त्रास नाही, पाणी किंचित आम्लाकडं झुकतं एवढंच. रंग नकोच असेल तर लाकूड उकळा, पातेल्यात मावत नसेल तर ड्रममधलं पाणी बदलत राहा, फिल्टरमध्ये कार्बन टाका. तिसरं, पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. घाबरून लाकूड फेकू नका, तो श्रिंप आणि गोगलगाई आवडीनं खातात, नाहीतर टूथब्रशनं काढा, नंतर आपोआप कमी होतो.

पूर ओसरला की पंचगंगेच्या काठाला भारी भारी मुळं अडकलेली दिसतात. फुकट आहेत म्हणून उचलू नका असं नाही, पण नदीत शहराचं सांडपाणी मिसळतं, लाकूड किती मुरलंय ते माहीत नसतं. नख दाबून बघा, रुतलं तर सोडून द्या, कडक असेल तर पूर्ण उन्हाळा वाळवून, मग उकळून. त्यापेक्षा सोपं म्हणजे पेरूच्या वाळक्या फांद्या, साल काढून, बारीक फांद्यांचे आकार फार छान मिळतात. वड, उंबर, फणस ही चिकाची झाडं नकोत, कण्हेर तर विषारीच. कडुनिंबही टाळा, तो किड्यांना मारतो आणि श्रिंप त्यांच्याच नात्यातली.

पाण्याचा मुद्दा बऱ्याच जणांना उशिरा कळतो. बोअरचं पाणी असेल, बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर चुन्याचा दगड आणखी भर घालणार, तिथं बेसाल्ट किंवा लाकूडच. लाकडानं बोअरचं पाणी मऊ होईल अशी आशा मात्र ठेवू नका, क्षार जास्त असले की लाकडाचं आम्ल तिथंच जिरून जातं.

देखभालीत दगड सोपा की लाकूड? दगड आयुष्यभर टिकतो, शेवाळ आलं तर काढून ब्रशनं घासता येतो, पण एकदा गवत पसरलं की तो हलवता येत नाही, सगळा गालिचा उपटून येतो. लाकूड काही वर्षांनी झिजतं, मऊ पडतं, पण झाडांसकट उचलून दुसऱ्या टाकीत नेता येतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी याचा विचार करा. प्लेको (काचेला चिकटून बसणारा मासा) ठेवायचा असेल तर लाकूड पाहिजेच, तो ते खरवडत बसतो, फक्त ब्रिसलनोज घ्या, साधा प्लेको फूटभराच्या वर जातो.

दोन्ही मिसळायचं ठरलं तर दगड एकाच जातीचे घ्या, काळा बेसाल्ट आणि लाल लाव्हा एकत्र आले की टाकी मांडलेली नाही, भरलेली दिसते. थरांच्या रेघा एका दिशेला ठेवा. मोठा तुकडा बरोबर मध्ये नको, एका बाजूला सरकवा, लाकडाच्या फांद्या मोकळ्या बाजूकडं झुकू द्या, आणि मागे सॉइल उंच, पुढं उतरतं. दगडाचे छोटे तुकडे लाकडाच्या बुडाशी टाकले की सॉइल घसरत नाही आणि लाकूड तिथंच उगवल्यासारखं वाटतं. पाणी भरायच्या आधी मांडणीचा फोटो काढून दोन दिवस तसंच ठेवा, बघत राहा, हलवा. कोरड्या टाकीत दगड हलवायला काही लागत नाही.

गोल्डफिशवाल्यांसाठी एवढंच, टोकदार दगड आणि काटेरी फांद्या दोन्ही नकोत, गुळगुळीत गोटे घ्या, आणि झाडं म्हणाल तर ती ते खाणारच.