जुन्या फोर्ड मोटरहोमचा इग्निशन स्विच : भाग चांगला, पण आधी निदान करावे

फोर्ड ई-३५० चॅसिसवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) बांधलेल्या, चालकाच्या केबिनवर बिछाना असलेल्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरे, अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने तयार झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आजही रस्त्यावर दिसतात. राष्ट्रीय उद्याने पाहायला दर उन्हाळ्यात मोटरहोम भाड्याने घेण्यापेक्षा अशी एखादी जुनी गाडी दारात ठेवणारी मराठी कुटुंबेही इकडे आहेत. आमची गाडी त्याच जातीची, ७.५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. तिच्यासाठी घेतलेल्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीच्या इग्निशन स्विचचे, म्हणजे चावी फिरवताच गाडीतील वीज चालू करणाऱ्या भागाचे, हे परीक्षण आहे. स्विच उत्तम आहे आणि त्याची किंमतही वाजवी आहे. मात्र त्याचा प्लग आणि त्यावर पडणारा भार यांची व्यवस्था न लावता नुसता स्विच बदलणाऱ्याला हाच खर्च पुन्हा करावा लागण्याची शक्यता बरीच आहे.

दोषाची लक्षणे ठरावीक असतात. लांबच्या प्रवासात, विशेषतः गरमीत ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) जोरात चालू असताना, तो मध्येच बंद पडतो, डॅशबोर्डवरचे काटे खाली येतात, इंजिन क्षणभर आचका देते आणि चावीला हात लावताच सारे पूर्ववत होते. आतील तांब्याच्या काँटॅक्टवर वर्षानुवर्षे ठिणग्या उडून त्यांचा पृष्ठभाग जळलेला असतो. त्यामुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेने भोवतालचे प्लॅस्टिक मऊ पडून काँटॅक्ट आणखी सैल होतात. निदानासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीकडून येणाऱ्या पिवळ्या वायरवर एक टोक, स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर दुसरे टोक ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा. निरोगी स्विचमध्ये हा फरक एक-दोन दशांश व्होल्टच्या आसपास राहतो, तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर स्विच किंवा त्याचा प्लग कामातून गेला असे समजावे. भार न देता केलेले मोजमाप येथे निरुपयोगी आहे, कारण प्रवाह वाहत नसेल तर जळक्या काँटॅक्टच्या पुढेही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात आणि फरक शून्यच राहतो.

या पिढीच्या, म्हणजे १९९१ पर्यंतच्या, ई मालिकेत चावीचे कुलूप आणि विजेचा स्विच हे दोन वेगळे भाग आहेत. कुलूप वर हाताशी असते, तर स्विच डॅशबोर्डखाली स्टिअरिंग कॉलमच्या पाठीवर बसवलेला असतो आणि दोहोंना एक लोखंडी दांडी जोडते. तिरके करता येणाऱ्या कॉलममध्ये या दांडीला ढकलणारा ओतीव धातूचा तुकडा तडकण्याची खोड प्रसिद्ध आहे. चावी पोकळ फिरत असेल आणि स्टार्टर ढिम्म राहत असेल तर नवा स्विच घेऊन काहीही साधणार नाही. विक्रेते मात्र कुलूप आणि स्विच या दोन्ही वस्तू एकाच नावाखाली दाखवतात, म्हणून छायाचित्र पाहूनच मागणी नोंदवावी. दुसरी गोष्ट वर्षाची. मोटरहोमच्या कागदपत्रांवर १९९० लिहिलेले असले तरी तिची चॅसिस १९८९ ची असू शकते, कारण चॅसिस एका कारखान्यात तयार होते आणि घर दुसऱ्या कारखान्यात चढते. चॅसिस क्रमांकाचे दहावे अक्षर के असेल तर १९८९, एल असेल तर १९९०; सुटा भाग त्याच वर्षाप्रमाणे मागवावा.

याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा, निर्मात्याचे नाव नसलेला स्वस्त स्विच हाताळून पाहिला होता. त्याची सरकपट्टी अडखळत होती, पिना डुगडुगत होत्या आणि जुळणीसाठी लागणारी खिळीही त्यात नव्हती. तो परत केला. स्टँडर्डची कंपनी १९१९ पासून न्यूयॉर्कमध्ये आहे, आणि तिचा हा भाग साधारण तीस डॉलरला मिळाला. सरकपट्टीचा प्रत्येक टप्पा बोटांना स्पष्ट जाणवतो, पिना घट्ट आहेत आणि स्विच लॉकच्या स्थितीत अडकवून ठेवणारी प्लॅस्टिकची खिळी जागेवरच येते. पुण्यात नाना पेठेत एखाद्या कारागिराने जुना स्विच उघडून काँटॅक्ट घासून दिले असते; इकडे कोणी ते करत नाही, आणि या बाबतीत ते योग्यच आहे, कारण मऊ पडलेले प्लॅस्टिक घासून सुधारत नाही.

बसवण्याचे काम अवघड नाही, अडचणीचे आहे. मोटरहोममध्ये गाडीची आणि घराची अशा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. दोन्हींच्या ऋण तारा काढल्याशिवाय कॉलमला हात लावू नये. मग खालचे आवरण काढून कॉलमचे नट सैल करावेत आणि स्टिअरिंगच्या चाकाखाली आधार देऊन तो थोडा खाली घ्यावा, म्हणजे गिअर दाखवणाऱ्या बारीक तारेवर ओझे येत नाही. चावी लॉकवर ठेवून दांडीचे टोक स्विचच्या छिद्रात बसवावे, दांडीतील ढिलाई जाईपर्यंत स्विच कॉलमवर पुढेमागे सरकवून नट आवळावेत आणि त्यानंतरच खिळी काढावी. जुळणी चुकली तर चावी सोडल्यावरही स्टार्टर इंजिनाला जोडलेला राहू शकतो. म्हणून पार्क आणि न्यूट्रल या दोन्ही स्थितींत सुरू करून स्टार्टर लगेच सुटतो का, हे कान देऊन ऐकावे. एअरबॅग असलेल्या नंतरच्या गाड्यांना ही कृती जशीच्या तशी लागू करू नये.

आता प्लगविषयी. जुना प्लग काढल्यावर पिवळ्या वायरीभोवतीचा भाग तपकिरी झालेला दिसला तर तो नव्या स्विचवर चढवणे म्हणजे जुन्याच आगीला नवे घर देणे होय. वायरींसह मिळणारा नवा प्लग वेगळा घ्यावा आणि जोड चिमट्याने नीट दाबून त्यांवर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. भाराचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. चॅसिसच्या मूळ मांडणीत नसलेल्या कितीतरी गोष्टी घर बांधणारे आणि नंतरचे मालक या स्विचच्या तारेवर टांगतात : मागचा कॅमेरा, जादा पंखे, रेडिओ आणि दोन बॅटऱ्या जोडणारा सोलेनॉइड (विजेने चालणारा जोड-स्विच), ज्याची गुंडाळी चावी चालू असेपर्यंत सतत प्रवाह खाते. आमच्याकडे ब्लोअर आणि जादा पंखे ३० अँपिअरच्या रिलेवर, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, घेतले. रिलेला थेट बॅटरीकडून फ्यूजमार्गे वीज दिली आणि स्विचकडे फक्त रिलेची गुंडाळी चालवण्याचे काम ठेवले. त्यानंतर पूर्ण वेगाच्या ब्लोअरवर लांब प्रवास करूनही कॉलमचे आवरण हाताला गरम लागत नाही.

धूर किंवा जळका वास येत असेल तर मात्र परीक्षणे वाचत बसू नये. एप्रिल १९९६ मध्ये फोर्डने १९८८ ते १९९३ या काळातील सुमारे ८७ लाख मोटारी आणि हलके ट्रक इग्निशन स्विच बदलण्यासाठी परत बोलावले होते, कारण स्विचमधील शॉर्टमुळे कॉलमला आग लागण्याचा धोका होता. आपली चॅसिस त्या यादीत आहे का, हे डीलरला क्रमांक देऊन विचारता येते.

ज्यांना कॉलम खाली घेण्याची भीती वाटते, त्यांनी हे काम कारागिराकडून करून घ्यावे. मात्र गाडीच्या उंचीमुळे अनेक गॅरेजे ती आत घेत नाहीत, तेव्हा घरी येणारा मेकॅनिक शोधावा आणि स्विच, प्लग व रिले हे तिन्ही भाग आधीच आणून ठेवावेत.