बसवायचं की डिकीत ठेवायचं? पुण्यातल्या फोर-बाय-फोरसाठी सामानाची निवड

थार, जिम्नी किंवा गुरखा दारात आली की आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात. आधी टायर की आधी विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटरची चरखी)? स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) लावू का? नाना पेठेत एक चक्कर मारली तर सगळंच अत्यावश्यक वाटायला लागतं. माझा निकष साधा आहे. जे गाडीला कायमचं बसतं, त्याचं वजन, आवाज आणि कागदपत्रांची कटकट रोज ऑफिसला जातानाही सोबत असते. जे डिकीत राहतं, ते लागेल तेव्हाच बाहेर येतं. त्यामुळे आधी सुटं सामान घ्यावं. बसवायचं ते नंतर, आणि टायर सोडले तर बऱ्याचदा नाहीच.

एटी टायर की एमटी?

एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर; एमटी म्हणजे मड-टेरेन, चिखलासाठीचा. पुणेकराचं ऑफरोडिंग हा मुळात डांबरावरचा प्रवास असतो. चांदणी चौकातून पौड, मुळशी करत ताम्हिणीपर्यंत डांबरच आहे. कच्चा रस्ता लागतो तो शेवटी थोडासा. एमटी टायरचे मोठे ठोकळे डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात. जुलैतल्या घाटउतारावर हा शेवटचा मुद्दा फार महाग पडू शकतो. पश्चिमेकडे, म्हणजे मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात लाल माती, मुरूम आणि खडक. तिथे एटी पुरतो.

सासवड-दौंडकडची काळी माती हे वेगळं प्रकरण आहे. पाऊस पडला की एटीच्या खाचा बघता बघता भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. एमटीच्या रुंद खाचा चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात, म्हणून तिथे तो खरोखर सरस. पण ओल्या पाणंदीत मुद्दाम गाडी घालून शेतकऱ्याच्या रस्त्याचे चर करायचे, हा शौक मला पटत नाही. महिन्यातून अनेकदा तिकडे शेतावर जाणं होत असेल तर एमटी घ्या, नाहीतर एटीच.

आकाराचंही बघा. २०२० च्या थारच्या एएक्स प्रकाराला २४५/७५ आर१६ (सोळा इंची रिमचा) टायर होता, एलएक्स प्रकाराला २५५/६५ आर१८ (अठरा इंची). एकूण व्यासात फरक जेमतेम १५ मिलिमीटरचा, पण सोळा इंची टायरची बाजूची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर उंच, अठरा इंचीची १६६. हवा कमी केल्यावर ही उंच भिंतच टायरला पसरू देते आणि रिमला दगडापासून वाचवते. दिसायला अठरा इंची भारी, कामाला सोळा इंची. आणि घ्यायचे तर पाच घ्या. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल तर पार्ट-टाइम गाडीत (जिथे चारही चाकांचा जोर लागेल तेव्हाच जोडायचा असतो) ती लावून फोर-बाय-फोरमध्ये चालवताना ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

टायर बदलण्याआधी मात्र एक चांगला हवेचा गेज आणि बॅटरीला थेट क्लॅम्पने जोडायचा कॉम्प्रेसर घ्या. कंपनीच्याच टायरमधली हवा ३२ वरून १८-२० पीएसआयवर आणली की जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि रुतलेली गाडी पुष्कळदा स्वतःहून निघते. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटू शकतो. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप एवढे मोठे टायर भरताना तापून बंद पडतो. डांबरावर परतण्याआधी चारही चाकं भरायची आहेत, हे दुकानात उभे असतानाच आठवा.

विंच की दोर?

विंचचा हिशेब असा: गाडीच्या भारासहित वजनाच्या दीडपट क्षमता. थारसारख्या गाडीला ९,५०० पौंडी विंच, म्हणजे सुमारे ४,३०० किलोची, भरपूर झाली. तीही पूर्ण जोर लावते ती ड्रमवर दोराचा पहिलाच थर उरलेला असताना. वरच्या थरांवर ओढ कमी होते. स्नॅच ब्लॉक (दोर वळवून परत आणायची कप्पी) लावला तर ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. एकट्याने आडवाटेला जाणाऱ्याला विंचला पर्याय नाही, हे मान्य. पण समोर बांधायला काही तरी हवं. मुळशीत झाडं आहेत (पट्टा गुंडाळून बांधा, तार थेट खोडावर नको). जेजुरीकडच्या उघड्या माळावर काय बांधणार?

शिवाय विंच बहुधा लोखंडी बंपरसकट विकली जाते, आणि तिथे कायदा आडवा येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की बुल बार (गाडीपुढचा लोखंडी कठडा) हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल नको, असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 'सगळेच लावतात हो' हे विम्याचा क्लेम अडकल्यावर कामाला येत नाही.

दोन-तीन गाड्या मिळून जात असाल तर कायनेटिक दोर, दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या कड्या) आणि ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली सारायच्या फळ्यांची) जोडी यांचंच पारडं जड. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो आणि ती साठलेली ऊर्जा गाडीला उचलून काढते. साधा टो पट्टा ताणला जात नाही, तो नुसता सावकाश ओढायला.

वस्तीजवळ एकटेच असाल तर वाडीवरचा ट्रॅक्टर येतो. भाऊ तत्परतेने साखळी काढतात आणि हाताला लागेल तिथे, कधी सस्पेन्शनच्या आर्मला, अडकवतात. साखळीत ताण शोषायला जागाच नसते, हिसका बसला की काही तरी तुटतं. अशा वेळी आपला दोर, आपला शॅकल आणि आपण दाखवलेला हूक. 'दादा, हा दोर लावा आणि हळूहळू घ्या' एवढं सांगितलं की पुरे. डिझेलचे पैसे न मागता द्यावेत. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला (टो बॉल) मात्र दोर कधीच नको. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

बाकीचं

स्नॉर्केल: गुरखाला कंपनीकडूनच येतो आणि तिची पाण्यातली मर्यादा ७०० मिलिमीटर आहे, थारची स्नॉर्केलशिवाय ६५०. बाहेरून लावलेला स्नॉर्केल इंजिनची हवा वर नेतो, अल्टरनेटर आणि वायरिंग तिथेच राहतं. साकवावरून वाहणारं पाणी गाडी ढकलतं, त्यावर कुठलंच सामान चालत नाही. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग): घाटाच्या वळणावर गाडी जास्त कलते, थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो. नको. एलईडी बार: ताम्हिणीच्या धुक्यात पांढरा उजेड उलट डोळ्यांवर येतो.

टपावरचं कॅरिअर की ट्रेलर?

कॅरिअरवर तंबू, चटया, कपडे अशा हलक्या वस्तू ठीक. पाण्याचे कॅन वर चढवले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि जिम्नीसारख्या अरुंद गाडीत ते लगेच जाणवतं. ट्रेलर वजन खाली ठेवतो, पण कायद्याने तोही वाहनच: स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर, दिवे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकवर यायला हवा. सामान मागे सरकवून ठेवलंत तर उतारावर ट्रेलर डोलायला लागतो. आणि समोरून एसटी आली की मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या अरुंद रस्त्यावर रिव्हर्स घ्यायची वेळ तुमच्यावर येते. कुटुंबासकट लांब मुक्कामी जाणाऱ्याने, तेही आधी मोकळ्या मैदानात रिव्हर्सचा सराव करून, ट्रेलरचा विचार करावा. शनिवार-रविवारच्या फेरीसाठी मागची सीट पाडा, सामान आत भरा.