केमोच्या मळमळीसाठी मनगटी पट्टा: घ्यावा का?

विणलेल्या इलॅस्टिकची पट्टी आणि आत मनगटावरच्या एका ठरावीक जागी दाब देणारं प्लॅस्टिकचं गोल बटण, एवढीच ही वस्तू. ऑनलाइन मिळते, सोलापुरात सर्जिकलच्या दुकानांतही विचारून बघा. पोटात काही जात नाही, त्यामुळे केमोच्या औषधांत ढवळाढवळ होण्याची भीती नाही. आमचं मत: जरूर घ्या, पण जोडीच घ्या आणि बटण जागेवर बसतंय का ते बघा.

पट्टा ‘निकामी’ निघतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी बांधल्यामुळे. तळहात वर करा. पेशंटचीच तीन बोटं (दुसऱ्याची नाहीत, कारण माप त्याच्या हाताचं लागतं) आडवी ठेवा, अनामिका मनगटाच्या घडीला टेकलेली. तर्जनीखाली, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मधोमध जी खोबण लागते, ती जागा. मूठ किंचित वळली की त्या दोऱ्या स्पष्ट दिसतात. बटण तिथेच, आतल्या बाजूला, दोन्ही हातांना. घड्याळासारखा घडीवर बांधला तर उपयोग नाही. दाब जाणवावा, पण बोटं बधिर किंवा निळसर झाली तर लगेच काढा.

सलाईन सुरू व्हायच्या आधी चढवा. एसटीने बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी तर गाडीत बसायच्या आधीच, कारण रस्त्यातली मळमळ वरून भर घालते. अपेक्षा मात्र मोजकी ठेवा: चाचण्यांत पहिल्या दिवसाची मळमळ कमी झालेली दिसते, उलटीवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या त्रासावर तेवढा गुण दिसलेला नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली ऑनडॅनसेट्रॉनसारखी मळमळ-उलटीची गोळी पट्टा आहे म्हणून कधीच चुकवू नका.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला पट्टा नको, सूज येऊ शकते. प्लेटलेट खूप उतरल्या असतील किंवा त्या हातात सुई असेल, तरी थांबा.

सोबत सुंठ चालते. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठ गोळ्यांच्या जोडीने घेतल्यावर मळमळ कमी झाल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे; पाव चहाचा चमचा म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. कडक भाकरीचा कोरडा तुकडा सकाळी बऱ्याच जणांना मानवतो, पण तोंड आलं असेल तर ती टोचते. तेव्हा मऊ भात, ताजं ताक. शेंगा चटणी तर त्या दिवसांत नकोच.

पट्ट्याशेजारीच हळद-मिरीच्या कॅप्सूल आणि गुळवेलाचा रस सुचवला जातो, तिथे ठाम नाही म्हणा. आमटीतली हळद वेगळी. कॅप्सूलमधला मिऱ्याचा अर्क यकृतात औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतो आणि केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. गुळवेलामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. आधीच घेत असाल तर लपवू नका; बाटली घेऊनच ओपीडीत जा.

राहिला पट्ट्याचा टिकाऊपणा. मे महिन्यात सोलापूरच्या घामाने बटणाखाली पुरळ उठतं. दर काही तासांनी काढून त्वचा कोरडी करा. धुताना कोमट साबणाचं पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. ताणून सोडल्यावर पट्टी चटकन मूळ मापावर येत नसेल तर बटण दाबतच नाही, नवा घ्या.