नवप्लेटोवादी, ख्रिस्ती आणि नॉस्टिक : एका श्राव्य व्याख्यानमालेविषयी

प्लोटायनस हा तिसऱ्या शतकातला, प्लेटोच्या विचाराला नवे रूप देणारा, म्हणजे नवप्लेटोवादी, तत्त्वज्ञ. त्याच्या मित्रमंडळात काही नॉस्टिकही, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असे मानणाऱ्या पंथांचे लोकही, होते, आणि म्हणूनच त्याचा त्यांच्याशी झालेला वाद हा आप्तांमधला वाद होता, ही या व्याख्यानमालेची मांडणी मला अत्यंत मोलाची वाटते. त्याच्या 'नॉस्टिकांविरुद्ध' या प्रबंधातील एका दृष्टान्तावर वक्ते बराच वेळ थांबतात, आणि ते योग्यच आहे. एकाच सुंदर घरात दोघे राहतात; एक घराला आणि बांधणाऱ्याला नावे ठेवतो, पण घर मात्र सोडत नाही, तर दुसरा निघण्याची वेळ येईपर्यंत शांतपणे, कुरकुर न करता राहतो. जग हे दुष्ट निर्मात्याचे काम आहे, या नॉस्टिक मतावर प्लोटायनसचा मुख्य रोष होता. सद्गुणांची साधना टाळून नुसते 'देवाकडे पाहा' म्हणण्यात त्याला काहीच अर्थ दिसत नव्हता. त्या मंडळात वाचल्या जाणाऱ्या 'झोस्ट्रियानोस' आणि 'अलोजेनीस' या ग्रंथांच्या नावांचे कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती भाषेच्या अखेरच्या रूपातले) ग्रंथ 1945 मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडले, हा भाग तर पुन्हा ऐकावा असा आहे.

प्लोटायनसचा शिष्य पॉर्फिरी याच्या बाबतीत मात्र ही मालिका कमी पडते. त्याने ख्रिस्ती धर्मावर टीका करणारा मोठा ग्रंथ लिहिला आणि 448 साली सम्राटांच्या आज्ञेने तो जाळण्याचे फर्मान निघाले, एवढे सांगून त्याला केवळ शत्रू ठरवले आहे. वास्तविक, ज्या पॉर्फिरीने नॉस्टिकांचे, झरथुष्ट्राच्या नावावरचे पुस्तक अलीकडचे आणि बनावट असल्याचे दाखवले, त्यानेच बायबलमधला, जुन्या काळची भविष्यवाणी मानला जाणारा दानीएलचा ग्रंथ राजा अँटायोकस एपिफानीसच्या काळातला, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकातला, असल्याचे मांडले होते. ग्रंथाचा काळ तपासण्याची ही एकच पद्धत त्याने दोन्ही पक्षांना लावली, हा धागा वक्त्यांनी हातचा घालवला, याची मला मनापासून खंत वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात आदराने उद्धृत करणाऱ्या अमेलियसचा, म्हणजे प्लोटायनसच्याच शिष्याचा, उल्लेखही नाही. तो असता, तर सगळे नवप्लेटोवादी ख्रिस्ती लेखनाकडे तुच्छतेनेच पाहत, असा ग्रह झाला नसता.

ख्रिस्ती धर्म सोडून त्याविरुद्ध लिहिणाऱ्या रोमन सम्राट ज्युलियनवरचा भाग घाईने उरकला आहे. त्याचे आक्षेप आज आपल्याला मुख्यतः अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने दिलेल्या उत्तरातून कळतात, हेही सांगायला हवे होते. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. प्लेटोची थोडी ओळख असलेल्यांनी ही मालिका अवश्य घ्यावी; अगदी नवख्यांनी प्लोटायनसवरच्या भागांपासून सुरुवात करावी.